माझ्या अंगाचे फोटो

“लुंगी सोड.”

मी सोडली. स्टुलावर उभा होतो. समोर डॉक्टर, त्याच्यामागं दहा-बारा शिकाऊ डॉक्टर, पोरं आन् पोरी. चंद्रपूरचा दवाखाना, भर सकाळ, दार सताड उघडं.

माझं वय बावन्न. जंगलपट्टीतल्या कुरखेड्याकडचा मी. सारी उमर राइस मिलमध्ये धानाची पोती उचलली. त्यातच हर्निया झाला. आधी जांघेत लिंबाएवढा फुगवटा. मग आतडं अंडात उतरत गेलं. शेवटी अर्ध्या मांडीपर्यंत लोंबे. जुन्या लुगड्याचा पट्टा फाडून बांधायचो आन् पोतं उचलायचो. बायकोशिवाय कोणाले दाखवलं नाई. लग्नाले जाणं सोडलं. पंगतीत मांडी घालता येत नव्हती.

डॉक्टर माझ्या तोंडाकडे पाहतच नव्हता. पोरायले सांगे, “बघून घ्या. एवढा मोठा शहरात मिळणार नाही. ही जंगलातली माणसं वाढू देतात, मग येतात.”

मोबाईल निघाले. फोटो.

“खोक. परत. जोरात.”

मी खोकललो. गोळा हलला. पोरं हसली. एका पोरीनं तेवढी मान फिरवली.

दाराबाहेर माझी बायको कागद धरून उभी. तिनं सारं पाहिलं. मग खाली पाहिलं. तिची ती खाली गेलेली मान मले सहन झाली नाई.

मी उतरलो. लुंगी बांधली.

“कुठं चाललास? अजून दुसरी बॅच यायची आहे.”

“मी नाई दाखवत.”

“मग ऑपरेशन विसर. आतडं अडकलं तर मरशील.”

भेव वाटलं. लय वाटलं. आठवड्याआधीच ओकाऱ्या होऊन गेल्या होत्या. तरी इचारलं, “माझं नाव काय, सांगा.”

डॉक्टर टेबलावर कागद शोधू लागला. कागद तर बायकोच्या हाती.

आम्ही घरी गेलो नाई. व्हरांड्यात बसून राह्यलो. दुसऱ्या दिवशी एका डॉक्टरीणबाईनं आमाले तिथं पाहिलं, कागद वाचले आन् ऑपरेशनले घेतलं. दवाखान्यातल्या बाबूनं संमतीचा कागद ठेवला आन् लिहिता येते का न इचारताच शाईचा डबा पुढं केला. “अंगठा लाव.”

मी सातवी शिकलो. पेन मागितला. सही केली आन् खाली लिहिलं : माझा फोटो काढायचा नाई.

आतडं जागेवर गेलं. बरा झालो. पण आधीचे फोटो त्यायच्या मोबाईलमध्ये हायेत. कुठी तरी मी अजून नागडा उभा आहो, आन् लोकं पाहून राह्यले.

ते मिटवा म्हणून दवाखान्यात अर्ज दिला. उत्तर नाई. दुसरा दिला. बाबू म्हणे, “भाऊ, जीव वाचला ना? उपकार मान, सोडून दे.”

उपकार कायचे? इलाज माझा हक्क होता. मले नागडं करणं त्यायचा हक्क नव्हता.

उद्या तिसरा अर्ज घेऊन जातो. यावेळी त्या डॉक्टरचं नाव लिहिलं आहे. पूर्ण नाव.