गुडघ्याजवळच्या दाट रेघा

गिरजाबाईचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. घरचा स्वयंपाक, डबा, मग तीन किलोमीटर पायी. सातला ती साकोलीजवळ हायवेवरच्या नर्सरीत हजर. मी तिथे खड्डे खणायचो. एकोणीस वर्षं खणले. कोण खरं राबतं हे खड्डे खणणाऱ्याला लवकर कळतं, म्हणून तिच्याबद्दल लिहितो.

ती धान पिकवणाऱ्या घरातली. रोवणीत, म्हणजे धानाची रोपं लावताना, तिचा हात गावात सगळ्यांच्या पुढे चालायचा. पाम तिने कधी लावला नव्हता. मालक भैय्याजींनी तिच्याकडे वीस फॉक्सटेल पाम सोपवले. जमिनीत वाढवायचे आणि मोठे झाले की मुळाच्या गड्ड्यासकट काढून विकायचे. तिने प्रत्येक झाडाभोवती मातीची पाळ घातली आणि धानाच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या वाफ्यात, ठेवावं तसं पाणी भरून ठेवलं. धान लावून राहिली का, असं मी तिला चिडवलं.

"पाणी उभं दिसलं का जीवाले बरं वाटते, भाऊ," ती म्हणाली.

पाऊस लागल्यापासून पाणी उभं राहिलं. पोळ्यापर्यंत पानं पिवळी पडली. या पामला खोडाच्या वर, पानांच्या खाली एक हिरवी गुळगुळीत नळी असते. आम्ही तिला गळा म्हणायचो. वीसही झाडांचा गळा फिका पडला. भैय्याजींनी सगळ्यांदेखत सांगितलं की ही झाडं विकली गेली तरच तिचं काम राहील.

तिने त्याच दिवशी मातीच्या पाळी फोडल्या. पाणी काढायला चर मी खणले, माती तिने वाहिली. त्यानंतर रोज आल्याआल्या ती वीसही गळे पाहायची. रंग कसा आहे, डाग आहे का, जुन्या पानाची कड सुटली का. सुटलेलं पानही ओढायची नाही, आपोआप पडू द्यायची. एकदा मी घाईने ओढलं आणि आतली कच्ची साल फाटली. आठ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. बरोबर होतं तिचं.

पान पडलं की खोडाभोवती एक रेघ उरते. झाड जोमात असेल तर रेघा लांब लांब, त्रासात असेल तर एकमेकींना चिकटून. एक पाम मेला. एकोणीस वाढले. तीन वर्षांत खोडं उंच झाली आणि त्या पावसाळ्याच्या रेघा सगळ्यांना दिसू लागल्या. गुडघ्याच्या उंचीवर, चार बोटांत पाच रेघा. एकोणीसही खोडांवर.

साकोलीत मंगल कार्यालय बांधणारे राजकुमारजी पाम पाहायला येणार होते. भैय्याजींनी मला चुना आणि गेरू कालवायला लावला. रस्त्याकडेच्या झाडांना लावतात तसा पट्टा मारायचा, म्हणजे रेघा दिसणार नाहीत. गिरजाबाईने माझ्या हातून बादली काढून घेतली.

"झाकू नका, भैय्याजी. हे झाकलं तं माही मेहनतबी झाकते."

"अन् त्यायनं नाही घेतले तं?" भैय्याजींनी विचारलं.

"तं मी उद्यापासून येत नाही."

राजकुमारजींनी बोट नेमकं त्याच रेघांवर ठेवलं. झाडाला रोग होता का, म्हणून विचारलं.

"रोग नाही, माही चूक हाय," ती म्हणाली. "धानावानी पाणी भरलं होतं. आता इथून वर पाहा."

ते पाहत गेले. वरच्या रेघा चार-चार बोटांवर होत्या. गळा गर्द हिरवा, डाग एकही नाही. त्यांना हसू आलं. आपणही धानवालेच, आपणही हेच केलं असतं, म्हणाले. एकोणीसही घेतले, पण लावायला हीच बाई हवी, ही अट घातली.

तिने आधी मंगल कार्यालयाची जागा चालून पाहिली आणि पाणी साचतं म्हणून दोन खड्डे बाद केले. ते माझे होते. मी दुसरे खणले.

नर्सरीतले सगळे पाम पुढे तिच्याकडेच राहिले. नऊ वर्षं तिने एकही सुट्टी उगाच घेतली नाही. मजुरीतून पैसे मागे टाकत गेली आणि गेल्या साली गावाबाहेरची अर्धा एकर बरड, मुरमाड जमीन घेतली. पाणी थांबत नाही, धान होत नाही, म्हणून ती जमीन कुणी विचारत नव्हतं. तिला तीच हवी होती.