माझ्या नियमांचं वजन

रामनगरच्या त्या बाईचं काम माझ्यामुळं गेलं. हे मी घरातसुद्धा बोललो नाही.

एका लहान कंपनीची वेबसाइट आम्ही दोघं सांभाळायचो, मी बाजारकुणंगातून, ती रामनगरातून. माझ्याच वयाची, पन्नाशीकडं झुकलेली, पण मला अण्णा म्हणायची. कमी दिसणाऱ्यांसाठी साइटवरची अक्षरं मोठी करायचं काम तिच्याकडं होतं.

साइटचं रूप सीएसएसच्या नियमांनी ठरतं. नियम कशाला लागू ते त्याचा सिलेक्टर सांगतो, आणि दोन नियमांचं जुळलं नाही, की ज्याच्या सिलेक्टरचं वजन जास्त तो जिंकतो. बाहेरून आणलेल्या एका कॅलेंडरपुढं माझे जुने नियम हरायला लागले. नीट निस्तरायचं सोडून मी बिल्डमध्ये, म्हणजे साइट चढवण्याआधी कोड बांधला जातो तिथं, एक छोटं प्लगिन घातलं. ते माझ्या प्रत्येक सिलेक्टरला आयडी चिकटवून त्याचं वजन वाढवायचं. दोन दिवसांपुरतंच, म्हणून नेटवर्कसाठी टेकाड चढून ते आम्हा दोघांच्या सामायिक कोडात टाकायचा कंटाळा केला. प्लगिन माझ्याच लॅपटॉपवर राहिलं, आणि साइट चढायची ती त्याच लॅपटॉपवरून.

"अण्णा, माझ्याकडं अक्षरं मोठी दिसत्यात, साइटवर बारीकच. काय चुकतंय वो माझं?" तिनं फोनवर विचारलं.

कारण मला त्याच क्षणी कळलं होतं: साइटवर माझे वजन वाढवलेले नियम तिच्या नियमांना हरवत होते. "परत बघ नीट," मी म्हणालो.

महिनाभर ती तेच नियम पुन्हा पुन्हा लिहीत होती. "आता उळवीच्या जत्रंत नवस बोलू व्हय ह्या अक्षरांसाठी?" म्हणाली. मी हसलोसुद्धा.

मग कंपनीच्या साहेबांचा आम्हा दोघांना एकत्र फोन आला, अक्षरं अजून बारीक का म्हणून. मी टेकाडावर, ती रामनगरातून ऐकत होती. "तिचे नियम कच्चे आहेत," मी म्हणालो. पुढच्या महिन्यात तिला काढलं.

गेल्या आठवड्यात, वर्षानं, मी प्लगिन काढलं. तिचा कोड तसाच पडून होता. एक ओळही न बदलता अक्षरं मोठी झाली.

रामनगरला गेलो. भावाच्या दुकानात ती कापड कापत होती. सगळं सांगितलं. कात्री थांबली.

"म्हंजे माझं बराबर व्हतं?"

"व्हय."

"तवापास्नं मी कंप्युटर उघडला न्हाई, अण्णा. वाटलं, ह्या वयात आपलं डोकंच चालंना." मग कात्री बाजूला ठेवून, "साहेबास्नी सांगितलासा?"

मी मान हलवली. नाही.

तिनं स्वतःचा मोबाइल काउंटरवरून माझ्यापुढं सरकवला. साहेबांचा नंबर तिनं अजून पुसला नव्हता.

"लावा. मी ऐकते."

रामनगरात नेटवर्क चांगलं असतं. पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला.