दसऱ्याचं कुंकू आणि ऑफिसचा कॉम्प्युटर

आमच्या राईस मिलमध्ये दसऱ्याला सगळ्या यंत्रांना विश्रांती. मुख्य बटण पाडायचं, प्रत्येक मशीनला कुंकू लावायचं, फूल वाहायचं. हे काम म्हाताऱ्या मिस्त्रीकाकांचं. पूजेत ऑफिसचा कॉम्प्युटरही येतो, म्हणून ऑफिसची किल्ली कित्येक वर्षं त्यांच्याच कमरेला. तो कॉम्प्युटर सांभाळायला मला ठेवलं आहे. इन्व्हर्टरवर तो वर्षभर चालूच असतो. बंद होतो फक्त दसऱ्याला, काका इन्व्हर्टरचंही बटण पाडतात तेव्हा.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी फुलचूरच्या घरून मिलमध्ये पोहोचले, तर फाटकापर्यंत धानाच्या गाड्या उभ्या. वजनकाट्यावरचं वजन ऑफिसच्या कॉम्प्युटरपर्यंत येतच नव्हतं. वायर ठीक होती. नेटवर्कची सेटिंग उघडली. या कॉम्प्युटरचा पत्ता मीच कायमचा ठरवून दिला होता, काटा त्याच पत्त्यावर वजन पाठवतो. तिथे आता भलताच पत्ता दिसत होता.

असा पत्ता आपोआप बदलत नाही, एवढं मला पक्कं वाटत होतं. स्पेसबारवर कुंकवाचं बोट उमटलं होतं. कीबोर्डखालची पासवर्डची चिठ्ठी उलटी पडली होती.

मी कुणाला विचारलं नाही. विचारायचं म्हणजे बोलायचं, आणि माझ्या इंग्रजी शाळेतल्या मराठीला मिलमध्ये सगळे हसतात. मी फक्त बघत राहिले. काका दोनदा दाराशी आले, आत डोकावले, परत गेले. तेही मी मनात टिपून ठेवलं.

मिलचे मालक शेठजी तापून आत आले. "किसने हाथ लगाया इसको?"

"काल मिस्त्रीकाका आले होते," मी म्हटलं. खोटं काहीच नव्हतं त्यात.

शेठजींनी ड्रायव्हरांसमोरच काकांना गाठलं. "पूजा करने बोला था काका, इंजीनियरी नहीं!" ड्रायव्हर हसले.

"मी कायले छेडू? बटन पाडलो, कुंकू लावलो, फूल वाहलो. बस्स!"

"चाबी इधर रखो."

काकांनी कमरेची किल्ली सोडून टेबलावर ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. मी स्क्रीनकडे पाहत राहिले.

आता मला पुरावा हवा होता. मी लॉग म्हणजे कॉम्प्युटरची नोंदवही उघडली. दसऱ्याला कुणी लॉगिनच केलं नव्हतं. त्याआधीची नोंद दोन आठवड्यांपूर्वीची, अपडेटची, माझ्या नावावर. नवा कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, तेव्हाच येऊन बसला होता, पण कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा सुरू झाल्याशिवाय तो कामाला लागत नाही. काकांनी बटण पाडलं, सकाळी कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला आणि तो लागला. त्याने नेटवर्क कार्डाला नवं नाव दिलं. माझा कायमचा पत्ता जुन्या नावावरच लिहिलेला राहिला, आणि राउटरने नव्या नावाला हाताशी होता तो पत्ता देऊन टाकला. चिठ्ठी बहुधा मीच उलटी ठेवली असेल.

दुरुस्तीला दहा मिनिटंही लागली नाहीत. गाड्या सरकू लागल्या. मी गप्प राहिले असते तर कुणालाच कळलं नसतं. मनात तीनदा वाक्य जुळवून शेठजींसमोर गेले. "चूक माझी होती. काकांची नाही."

"चलो, काँटा चालू हुआ ना?" असं म्हणत त्यांनी किल्ली माझ्याकडे सरकवली. "दे दो उनको."

काका एका मशीनच्या बेअरिंगला ग्रीस लावत होते. मी किल्ली पुढे केली. त्यांनी हात पुसले, पण घेतली नाही.

"राहू दे बाई तुयापाशीच."

"काका, मी शेठजींना खरं सांगितलं."

"त्याले सांगितलं. मले पहिले काऊन नाई विचारलं?"

किल्ली अजून माझ्याच पर्समध्ये आहे.

या वर्षी दसऱ्याला मी गेले. कॉम्प्युटर मीच बंद केला. काकांनी कुंकवाची थाळी उंबऱ्याबाहेरूनच माझ्या हातात दिली आणि मी कुंकू लावून होईपर्यंत दोन्ही हात पाठीमागे बांधून तिथेच उभे राहिले.