माझ्या नावापुढची रेघ

खरं तर हे मी सांगायचं नव्हतं. पुण्याहून आलेल्या मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "पेटीत काय आहे, कोण काय उत्तर देतं, बाहेर एक शब्दही नाही. उत्तरं फुटली की चाचणी मेली!" मी वर्गात तशीही बोलत नाही. म्हणून तर मुख्याध्यापक सरांनी मदतीला मलाच दिलं. पण न बोलणाऱ्या माणसाकडेच किस्से जास्त साठतात. दोन वर्षं झाली, आता मावत नाहीत, म्हणून आई जेवायला हाक मारेपर्यंत वहीत लिहून काढते. मॅडम, माफ करा.

मॅडम आमची बुद्धी मोजायला आल्या होत्या. आठ दिवस, प्रयोगशाळेच्या खोलीत. खिडकीतून लेण्याद्रीचा डोंगर दिसायचा. टेबलावर पेटी, पेटीत ठोकळे, चित्रं आणि स्टॉपवॉच. माझं काम पेन्सिलींना टोक काढायचं, ठोकळे मोजून परत ठेवायचे आणि दाराजवळच्या बुटक्या स्टुलावर गप्प बसायचं.

मला एकच हवं होतं. कधीतरी मॅडम म्हणतील, "आता तू बस समोर." मला कोणी हुशार म्हणत नाही, ढ पण म्हणत नाही. आपण नक्की काय आहोत, ते कोणीतरी घड्याळ लावून बघावं, असं फार वाटायचं.

*

पहिल्या दिवशी सगुणा आली. ती माझ्या बाकावरची, पश्चिमेच्या डोंगरातली, होस्टेलला राहणारी.

मॅडमनी गाईचं चित्र पुढे ठेवलं. "यात काय नाही?"

गाईला एकच शिंग होतं. मला स्टुलावरून दिसत होतं. सगुणा बघत राहिली आणि म्हणाली, "दावं नाय."

"नीट बघ. गाईचंच काहीतरी नाही."

"शिंग मोडलंय व्हय? मोडतंच ते. पण मॅडम, दाव्याबिगर गाय अशी गप उभी राहील का?"

मॅडमनी शून्य लिहिलं. मग बराच वेळ त्या गाईकडे बघत बसल्या!

*

पुढचा प्रश्न होता, "जंगलात वाट चुकलीस तर काय करशील?"

घड्याळ टिकटिक करत होतं. मॅडमनी प्रश्न पुन्हा वाचला.

सगुणा हळूच म्हणाली, "पण मॅडम, चुकायची कशी?"

*

तिसऱ्या दिवशी होस्टेलच्या सगळ्या मुलींची एकत्र लेखी चाचणी झाली. मॅडमनी सांगितलं, "प्रश्न पुष्कळ आहेत, वेळ कमी आहे. जमेल तेवढं करा." आणि सरांनी बोलावलं म्हणून जरा बाहेर गेल्या.

संध्याकाळी कागद तपासताना त्यांचा चेहरा उतरला. सगळ्यांचे सगळे प्रश्न सोडवून झालेले! आणि चुकलेले दोन प्रश्न सगळ्यांचे तेच!

सगुणाला बोलावलं. ती जराही घाबरली नाही. "तुमीच म्हणला ना, येळ कमी हाय? मग आमी वाटून घेतलं. एकेकीनं चार-चार केले. पडकई केली."

मॅडमना कळेना. मग सगुणानेच समजावलं. डोंगरात भाताचं खाचर एकट्याने होत नाही. आज सगळे मिळून एकाचं करायचं, उद्या दुसऱ्याचं. ती पडकई.

"अगं, पण मला एकेकीची बुद्धी मोजायची होती!"

"एकेकीची मोजून काय करायची?"

मॅडमनी ते सगळे कागद बाद केले. एक मात्र घडी घालून पर्समध्ये ठेवताना मी पाहिला.

*

एकदा सर चहा घेऊन आले. "मॅडम, बुद्धी म्हणजे नेमकं काय हो?"

"सर, त्यावर आमच्यातच एकमत नाही. कोणी म्हणतं ती एकच आहे, कोणी म्हणतं पुष्कळ प्रकारची आहे."

सरांनी कप खाली ठेवला. "मग आठ दिवस मोजताय काय?"

*

त्याच सरांनी सगुणाचा निकाल टेबलावर पाहिला आणि दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला जाहीर केलं, "आपल्या सगुणाला शंभरपैकी शंभर!" टाळ्या झाल्या. मॅडम धावत आल्या. "सर, शंभर म्हणजे पैकीच्या पैकी नाही. त्या वयाच्या मुलांच्या मधोमध!"

सर एवढेसे झाले. सगुणाला काहीच वाटलं नाही. म्हणाली, "मधी बरं असतं. दोनी बाजूनं माणसं असत्यात."

*

शेवटच्या दिवशी मॅडम यादी पूर्ण करत होत्या. माझ्या नावापुढे त्यांनी एक आडवी रेघ मारली. मी आठ दिवसांत पहिल्यांदा आपणहून बोलले. "मॅडम, माझी राहिली."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "तुझी घेता येत नाही गं. तू सगळी उत्तरं पाहिलीस. आता जो आकडा येईल, तो खोटा येईल."

मी मान हलवली आणि ठोकळे मोजले. सगळे होते.

*

मॅडमची एसटी गेली आणि सगुणाने मला हाताला धरून त्याच खोलीत नेलं. होस्टेलच्या तिघी आधीच तिथे होत्या. एकीच्या हातात कोणाचं तरी मनगटी घड्याळ. मला समोरच्या खुर्चीवर बसवलं.

"हे काय?"

"आठ दिस तू आमच्या पेन्सिलींना टोक काढलं. आता तुझ्या खाचरात आमी," सगुणा म्हणाली आणि मॅडमच्या खुर्चीत ऐटीत बसली. तिने वहीचं मागचं पान पुढे सरकवलं. त्यावर तिने चित्र काढलं होतं. टेबल, पेटी, मॅडम, समोर सगुणा. दाराजवळ माझं बुटकं स्टूल. रिकामं.

"यात काय नाय? येळ सुरू!"

उत्तर मला लगेच आलं होतं. पण मी मुद्दाम बघत बसले. चौघी माझ्याकडे बघत होत्या, घड्याळ माझ्यासाठी चाललं होतं. ते थांबू नये असं वाटत होतं.

"बोल की गं, संपत आला!"

मग मी मान खाली घालून म्हणाले, "त्या स्टुलावर—

आले गं आई! ही एवढी एक ओळ लिहून—