बिनगिअरची गाडी

मुलगी अठरा वर्षांची होईपर्यंत आमच्या घरात काचेचा पेला टिकला नाही. सगळी भांडी पितळेची नाहीतर स्टीलची. तिच्या हातून पाणी सांडलं की मी फडकं आणून पुसायचो आणि परत आपल्या पाठाला बसायचो. रागावणं कधीच सुटलं होतं. वाईट वाटणंही सुटलं होतं, पण ते मी कुणाला सांगत नसे.

तिला रांगोळीची रेघ सरळ ओढता येत नसे, वेणी घालता येत नसे. सायकल तीन उन्हाळे शिकवली, आली नाही. माझी बहीण "नाचता येईना अंगण वाकडं" म्हणून मोकळी व्हायची. शेवटी बायकोने हट्टाने तिला मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी कागदावर 'डिस्प्रॅक्सिया' असा शब्द लिहून दिला. म्हणाल्या, बुद्धी उत्तम आहे, काय करायचं ते तिला कळतं. पण एकामागून एक हालचाल जुळवून आणताना हातापायांना फार कष्ट पडतात. मी मान डोलावली आणि कागद पंचांगात ठेवून दिला.

मग ती विद्यापीठात जायला लागली. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या इकडे हिंदी मुलखात, नदीकाठी ब्रह्मा घाटाला राहणारे, विद्यापीठ शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. गल्लीतून सडकेपर्यंत चालायचं, पुढे माणसं भरून नेणारा टेम्पो. इथला टेम्पो माणसासाठी थांबत नाही, नुसता मंदावतो. पहिल्याच महिन्यात ती उतरताना दोनदा पडली. तेव्हापासून मी रोज पोचवायला आणि आणायला जाऊ लागलो. दिवाळीनंतर एके सकाळी तिने चप्पल घालता घालता सांगितलं, "बाबा, उद्यापासून तुम्ही येऊ नका. मला स्कूटर घेऊन द्या. मुझे अकेले जाना है. नाहीतर मी नाव काढून घेते, घरी बसते." ती धमकी देत नव्हती. ठरवून बोलत होती.

लहुराबीर चौकातल्या स्कूटरच्या दुकानात दोन गाड्या पुढे काढून ठेवल्या होत्या. एक गिअरची, लोखंडी पत्र्याची, दणकट. दुसरी बुटकी, बिनगिअरची, बटण दाबलं की सुरू होणारी. दुकानदार म्हणाला, "पंडितजी, बिटिया के लिए ये छोटी वाली ठीक रहेगी." त्याने न विचारता सल्ला दिला, तेवढ्यावरूनच मला मोठी पसंत पडली. मुलगी हळूच म्हणाली, "बाबा, मी छोटीवर बसून बघू का?" मी म्हटलं, "बसून काय कळणार? आधी कृती पाठ कर."

माझं आयुष्य मंगला गौरीच्या देवळाजवळच्या वेदपाठशाळेत संथा देण्यात गेलं. मी एकदा म्हणायचं, विद्यार्थ्याने दोनदा. जे तोंडात बसलं ते आलं, यावर आमचं अख्खं घराणं उभं आहे. तेव्हा हालचाली एकामागून एक जुळवायच्या, एवढीच अडचण असेल तर ते माझंच काम, असं मी धरून चाललो. दुकानदाराकडून सगळा क्रम लिहून घेतला आणि रोज संध्याकाळी मुलीला संथा दिली. गाडी न्यूट्रलला. किक. डाव्या हाताने क्लच दाब. मूठ फिरव, पहिला गिअर. क्लच सावकाश सोड. उजव्या हाताने रेस दे. उजव्या पायाखाली ब्रेक. आठ दिवसांत ती अडखळेनाशी झाली. कुठूनही विचारा, पुढचं सांगायची. बायको म्हणाली, "अहो, तिला एकदा गाडीवर तरी बसवा." मी म्हटलं, घाई कसली. विकत घेतलेली मोठी गाडी तोवर सडकेवर एका ओळखीच्याच्या आवारात उभी होती, हार घातलेली, कुंकू लावलेली.

मुहूर्त पाहून मी तिला मैदानावर नेलं. ती बसली आणि मोठ्याने म्हणू लागली. तोंड बरोबर चाललं होतं. हात दोन शब्द मागे होते, पाय तर कुठेच नव्हता. मी ओरडलो, "क्लच सावकाश!" तिने क्लच एकदम सोडला आणि रेस पूर्ण पिळली. गाडी उसळली आणि तिच्यासकट आडवी झाली.

मी धावत गेलो नाही. चालत गेलो. लोक जमले, त्यांनी गाडी उचलली. तिचं डावं मनगट वाकडं दिसत होतं. ती रडत नव्हती. तिने मला विचारलं, "बाबा, म्हणण्यात कुठे चुकलं नाही ना?"

"नाही," मी म्हटलं, "कुठेच नाही."

तेव्हा काहीतरी वाटायला हवं होतं. वाटलं नाही. रिक्षात तिचा हात मांडीवर धरून बसलो होतो आणि दुकानांच्या पाट्या वाचत होतो.

दीड महिन्याने प्लास्टर निघालं. दुकानदाराने मोठी गाडी बदलून द्यायचं कबूल केलं. या वेळी मी दाराशीच थांबलो. ती बुटक्या गाडीवर बसली. दोन्ही पाय जमिनीला सपाट टेकतात का पाहिलं. दोन्ही ब्रेक हातात होते, पायांना काही कामच नव्हतं. तिने दहा-बारा वेळा नुसते ब्रेक दाबून सोडले. मग म्हणाली, "ही घ्यायची." रंगसुद्धा पाहिला नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच मैदान. तिने बटण दाबलं. मी तोंड उघडलं, "हं, आता सावकाश..."

"बाबा, बोलू नका."

मी तोंड मिटून दोन पावलं मागे सरलो. ती तशीच बसून राहिली. गाडी सुरूच होती. ती खाली बघत म्हणाली, "तुम्ही गप्प राहिलात तरी मला ऐकू येतं. लहानपणापासून येतंय. नीट धर, सावकाश, बघून. ते ऐकू का हात हलवू? माझ्याच्याने दोन्ही होत नाही." मग माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. "तुम्ही घरी जा ना, बाबा."

मी निघालो. मागे गाडीचा आवाज लांब लांब जात राहिला, मध्येच थांबला, पुन्हा सुरू झाला. मी वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर काहीतरी सांगितलंच असतं.