अभ्यासिकेला मिळालेलं लोखंड

शी! आजही त्या पेटीचं नाव काढलं की मला आधी वास आठवतो.

पिंपरी पेंढारला आमच्या बुद्धविहाराला लागून एक खोली आहे. तिला आम्ही अभ्यासिका म्हणतो. पोलीस भरतीच्या, तलाठ्याच्या परीक्षांची तयारी करणाऱ्या पोरी तिथं दिवसभर वाचत बसतात. दिवसभरच, कारण उसात बिबट्या; अंधारायच्या आत घर गाठावं लागतं. परीक्षा आता कॉम्प्युटरवर होतात आणि यातल्या निम्म्या पोरींनी माउस कधी हातात धरलेला नाही. म्हणून माझे चुलते, विहाराच्या समितीचे अध्यक्ष, कंपन्यांचे उंबरे झिजवत होते. पोरींना एक तरी कॉम्प्युटर द्या, एवढंच मागणं.

शेवटी एका कंपनीला पाझर फुटला. टेम्पो आला, कपाटाएवढी लोखंडी पेटी उतरवून गेला. लगेच काकांचा मला फोन. वारूळवाडीत कॉम्प्युटरचे क्लास घेते ना मी!

"बाय, लई मोठा कॉम्प्युटर दिलाय. रविवारी साहेब येणारेत फोटोला. तेवढा चालू करून दे."

जाऊन बघते तर पडदा नाही, कीबोर्ड नाही, माउस खुपसायला जागा नाही. कुठल्याशा ऑफिसात राबून निकामी झालेला सर्व्हर, आणि तोही दुकानात मिळतो त्या प्रकारातला नव्हे. आतला प्रोसेसरच वेगळा. बनवणाऱ्यांनी कधीच हात झटकलेले. झाकण उघडलं आणि कुजक्या वासानं मी नाक दाबून मागं सरले. आत उंदरांचं बाळंतघर! लेंड्या, कुरतडलेल्या वायरी, वाळून खडखडीत झालेली पिल्लं. दान द्यायच्या आधी एक फडकं मारायलाही मेल्यांचे हात झिजले! नाकाला ओढणी बांधून फिनेल आणि जुन्या टूथब्रशनं ती घाण मीच काढली, वायरीही बदलल्या.

घरी आले तर आईनं उंबऱ्यातच अडवलं. "आधी न्हाऊन ये. आमच्या आज्ज्याच्या अंगाला असाच वास यायचा म्हनं. गावची मेलेली ढोरं वढायचा त्यो."

धर्म बदलला तेव्हा आईच्या घरानं ते काम टाकलं, आणि लोकांचं उतरलेलं अंगावर घालणंही टाकलं. शाळेत असताना मी एकदा मैत्रिणीचा जुना फ्रॉक घालून घरी आले होते. आईनं तो धुतला, घडी घातली आणि मला परत द्यायला पाठवलं.

कॉम्प्युटरला चालवणारं लिनक्स फुकट मिळतं, पण नेहमीचं लिनक्स हा बाबा घेईना. त्याच्यासाठी बनवलेलं जुनं लिनक्स इंटरनेटवर धुंडाळून काढलं. पेनड्राइव्ह त्याला ओळखता येत नव्हता, सीडीच हवी. आजकाल कोरी सीडी कोण ठेवतं? लग्नाच्या शूटिंगवाल्याकडं धूळ खात पडलेल्या मिळाल्या. पेटीशी बोलायचं तर जाड केबल लावून माझ्या लॅपटॉपवरून. तसली केबल गावात एकच, डेअरीतल्या दुधाची फॅट मोजायच्या मशीनची. सकाळचं दूध उरकलं की ती आणायची आणि संध्याकाळचं दूध यायच्या आत परत न्यायची. एकदा लिनक्स अर्धं चढलं होतं तेव्हाच केबल न्यायची वेळ झाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. अगदी वीट आला. पण पोरी खिडकीतून डोकावून विचारायच्या, "ताई, झालं का वो?" मग तोंडातली शिवी गिळायची आणि परत बसायचं.

शनिवारी झालं एकदाचं. लॅपटॉपवर काळ्या चौकटीत पांढरी अक्षरं उमटली, पेटीनं नाव विचारलं. मी चक्क टाळी वाजवली. पण त्या पेटीचे पंखे! पिठाची गिरणी परवडली. पोरी कानात बोटं घालून पुस्तकांसकट विहाराच्या पायरीवर जाऊन बसल्या. लाइट गेली तशी पेटीच्या ओझ्यानं इन्व्हर्टरनं एक किंकाळी फोडली आणि खोलीतला एकुलता दिवाही गेला. आणि एवढं करून हाती काय, तर अक्षरं. ना चित्र, ना माउस, ना परीक्षेचा सराव. मी काकांना सरळ सांगितलं, "काका, कचरा दिलाय त्यांनी आपल्याला." काका खाली बघत म्हणाले, "उद्याचा दिवस निभावून ने. बॅनर लागलाय."

रविवारी साहेब आले. पेटीला हार घातला, हारासकट फोटो झाले. पंख्यांच्या आवाजात त्यांचं भाषण कुणालाच ऐकू गेलं नाही, पण शेवटचं ते ओरडूनच बोलले. "चालतोय की झकास! गोडाऊनमध्ये असले आणखी दोन पडून आहेत. भंगारवालासुद्धा नेत नाही. टेम्पो पाठवतो!"

काकांनी सवयीनं हात जोडले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण तोंड उघडायच्या आत मागून आई उठली.

"साहेब, आमी मेलेलं वढायचं कवाच सोडलंय."

साहेबांना काय कळणार! ते हसून मान हलवत राहिले. काकांना मात्र कळलं. जोडलेले हात सुटले. ते भिंतीपाशी गेले आणि त्यांनी पिन उपटली. पंखे घरघरत थांबले. पायरीवरच्या पोरी एकेक करून दारात येऊन उभ्या राहिल्या.

"टेम्पो पाठवाच साहेब," काका म्हणाले. "पण रिकामा पाठवा."