कशासाठी वापरू नये

एखादी वस्तू कशासाठी आहे हे सांगताना ती कशासाठी नाही हेही तितक्याच आस्थेनं सांगणारा माणूस अख्ख्या चिखली तालुक्यात एकच आहे, आणि तो माझ्या बायकोचा धाकटा भाऊ आहे. तालुक्यातली बरीच गावं मी स्वतः हिंडलो आहे, तेव्हा हे विधान अंदाजानं केलेलं नाही. उंद्रीला त्याच्या घरी पंख्याच्या बटणाखाली चिठ्ठी आहे : 'पंखा लागतो. दिवा लागत नाही. दिव्यासाठी डावीकडचं बटण.' साखरेच्या डब्यावर 'साखर. चहासाठी. मुंग्या दिसल्यास डबा उघडू नये, आधी झटकावा.' एकदा त्यानं मला धाडच्या आठवडी बाजारातून मिरची आणायला सांगितली आणि हातात पाच ओळींचा कागद ठेवला. मिरची वाळलेली हवी, वर्षभराच्या तिखटासाठी हवी, भाजीसाठी नको, तशी नसेल तर तिच्याऐवजी दुसरं काही आणू नये, परत येऊन 'मिळाली नाही' असं सांगावं. मी अख्खा बाजार पालथा घातला, तशी मिरची नव्हती, आणि जीपमध्ये दाटीवाटीनं बसून रिकाम्या पिशवीनिशी परत आलो. बायको चिडली. तो मात्र इतका खूश झाला, की मी दोन पोती मिरची आणली असती तरी झाला नसता. म्हणाला, "भाऊजी, तुमच्यासारखा एजंट मले पाह्यजे होता."

हे वेड त्याला नोकरीनं लावलं की वेडामुळं नोकरी मिळाली, हे माझं अजून ठरत नाही. तो घरी बसून एका बाहेरच्या कंपनीचं काम करतो. ब्लॉकचेन म्हणजे, त्यानं मला तीन वेळा समजावल्यावर मला कळलं ते असं, की जगभर उघडी ठेवलेली एक व्यवहारांची वही, जिच्यात लिहिलेलं कुणाला खोडता येत नाही. त्या वहीतलं काही विचारायचं असेल तर हल्ली माणूस पानं चाळत नाही, एआय एजंटला, म्हणजे संगणकातल्या मदतनिसाला, विचारतो. एजंटकडे टूलं असतात, एकेक टूल एकेक माहिती आणून देतं. कोणतं टूल कधी उचलायचं हे एजंटला कळावं म्हणून प्रत्येकाचं चार-सहा ओळींचं वर्णन लागतं. ती वर्णनं माझा मेहुणा लिहितो. "तो हुशार हाये, पण आपल्या गावात नवा हाये," असं तो एजंटबद्दल सांगतो, जणू कालच्या एसटीनं उतरलेला पाहुणा. एका वर्णनाचे त्याचे एकोणीस मसुदे मी मोजले आहेत. पहिल्यात आणि एकोणिसाव्यात फरक चार शब्दांचा होता.

मागच्या हिवाळ्यात कंपनीनं परीक्षा ठरवली. एजंटला चाळीस प्रश्न विचारायचे, छत्तीस बरोबर आले तर मेहुण्याचं काम पुढं चालू, नाहीतर बंद. काम बंद म्हणजे पुण्याला जाऊन नोकरी शोधणं, आणि माझे सासरे उंद्री सोडायला तयार नव्हते. सासूबाई गेल्यापासून घरात हे दोघंच. सरावात एजंटची सत्तावीस उत्तरं बरोबर आली. मी चुकलेल्या तेरा उत्तरांची छाननी केली, तर अकरा चुका एकाच जोडीत निघाल्या. एक टूल खात्याची आजची शिल्लक देतं, दुसरं मागच्या एखाद्या दिवसाची. गेल्या दिवाळीची शिल्लक विचारली तरी एजंट आजची आणून द्यायचा, आणि तीही ठणकावून.

मेहुणा दोन दिवस नुसता बसून होता. मग त्यानं दोन्ही वर्णनं मराठीत दोन कागदांवर मोठ्या अक्षरात उतरवली आणि सासऱ्यांपुढं धरली. सासरे चौऱ्याऐंशीचे, सगळा जन्म शेतीत गेलेला. ब्लॉकचेन म्हणजे काय हे त्यांनी विचारलं नाही, फक्त हे खताचं नाही ना, एवढी खात्री करून घेतली. मेहुण्यानं विचारलं, गेल्या दिवाळीला खात्यात किती होते ते पाह्यचं असलं तर कोणता कागद उचलसान? त्यांनी दोन्ही वाचले आणि पहिला उचलला. तो चुकीचा होता. मेहुण्याचा चेहरा पडला.

"हा काऊन उचलला, बाबा?"

"दोन्हीवर शिल्लक लिवली हाये," सासरे म्हणाले. "पह्यल्यानं काम होते म्हणते. मंग मी दुसऱ्याकडं काऊन जाऊ?"

इतकी वर्षं घरभर 'कशासाठी नाही' चिकटवत फिरलेल्या माणसानं नेमकं त्या दोन कागदांवर ते लिहिलंच नव्हतं. त्यानं मला कारण सांगितलं : फरक त्याला स्वतःला इतका स्वच्छ दिसत होता, की लिहायची गरजच वाटली नाही. तिथंच बसून त्यानं पहिल्या कागदावर भर घातली, 'फक्त आजची शिल्लक. मागची तारीख विचारली असेल तर वापरू नये, दुसरं टूल घ्यावं.' सासऱ्यांनी वाचलं आणि दुसरा कागद उचलला. मग पुढचे सतरा दिवस रोज दुपारी, जेवणं झाल्यावर, एकेका टूलाचा कागद त्यांच्यासमोर येत गेला. ज्यावर ते अडले ते वर्णन बदललं, ज्यावर नाही ते राहिलं.

परीक्षेत अडतीस उत्तरं बरोबर आली. काम वर्षभरासाठी वाढलं. मेहुण्यानं सासऱ्यांना सांगितलं तेव्हा मी तिथं होतो. पुण्याले जा लागत नाही, एवढंच तो म्हणाला. सासऱ्यांनी मान हलवली, चष्मा पुसला आणि म्हणाले, "बरं. आजचा कागद आण."

दुपारची ती बैठक अजून चालू आहे. चष्म्याचा नंबर आता वाढवूनही उपयोग नाही, म्हणून मेहुणा वाचून दाखवतो आणि सासरे ऐकतात. तिसरं वाक्य येईपर्यंत पहिलं निसटतं, मग ते म्हणतात, पुन्हा सांग. तो पुन्हा सांगत नाही, वाक्य कापतो. सहा ओळींच्या चार झाल्या, चारच्या तीन. कंपनीनं कळवलं आहे, की अलीकडे त्याची वर्णनं फार आटोपशीर झाली आहेत, इतरांनीही तशी लिहावीत. मागच्या रविवारी मी गेलो तेव्हा वर्णन दोन ओळींवर आलं होतं. तो सासऱ्यांच्या कानाशी वाकून, सावकाश, एकेक शब्द वाचत होता.